साथीचे नियम लोक कधी पाळतात आणि त्यात राजकारणाचा वाटा किती?

तालुक्याच्या ठिकाणी नव्याने रुजू झालेल्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. साथीच्या काळात लोकांनी नियम पाळणे किंवा न पाळणे हे राजकारणावर कितपत अवलंबून असते. पुढची साथ आली तर आरोग्ययंत्रणेने राजकीय पुढाऱ्यांना चार हात दूर ठेवावे काय. आणि पुढाऱ्यानेच नियम मोडला तर काय करावे. माझी नोकरीची बहुतेक वर्षे साथरोग नियंत्रणाच्या कामात गेली असल्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की पुष्कळ अवलंबून असते, पण आपण सहसा समजतो त्या वाटेने नाही. एखादा पक्ष उघडपणे सांगतो की नियम पाळू नका आणि त्याचे अनुयायी पाळत नाहीत, असे आपल्याकडे क्वचितच घडते. अधिक वेळा असे घडते की आदेश निघाला की लोक त्यातील वैद्यकशास्त्राआधी त्यातील सत्ता वाचतात: हा आदेश कोणी काढला, तो कोणाच्या घरात शिरणार आहे, कोणाला वगळणार आहे आणि अन्याय झाला तर दाद कोणाकडे मागायची. या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर माणूस गैरसोय सोसतो, नसतील तर तो ताप लपवतो. साथरोगाच्या कामात लपवलेला ताप हेच सर्वांत मोठे नुकसान असते, कारण उघड विरोध निदान दिसतो तरी.

याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या घरचेच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मूळचा हा चार कलमांचा छोटासा कायदा होता. सरकारला वाटेल ते उपाय योजण्याचा अधिकार, ते न पाळणाऱ्यास दंड संहितेच्या कलम १८८ खाली शिक्षा, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावण्यास मनाई, एवढा त्याचा सगळा आशय. ज्याच्या घरावर या अधिकारांचा वापर होणार त्याने तक्रार कोठे करावी, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने करोनासाठी जो कायदा लागू केला तो हाच.

पुण्यात या कायद्याचा अंमल प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे आला आणि १३ मार्च ते १९ मे १८९७ या काळात लष्कराच्या मदतीने घरोघर झडती झाली. ही झडती कशी होत असे ते नीट पाहिले पाहिजे, कारण तपशिलातच सगळे आहे. गोऱ्या शिपायांची तुकडी पेठेत येई, वाड्याचे दार उघडले नाही तर फोडले जाई. माजघर, स्वयंपाकघर, देवघर असा भेद पथकाला ठाऊक नव्हता किंवा त्याची फिकीर नव्हती. काखेत आणि जांघेत गाठ आहे काय हे पाहण्यासाठी बायकामाणसांनाही बाहेर बोलावले जाई. रोगी किंवा संशयित सापडला तर त्याला प्लेगच्या रुग्णालयात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेत, जमीन उकरत, कपडे आणि सामान जाळत. प्लेगच्या काळात रोगी वेगळा करणे, संपर्कातल्यांवर लक्ष ठेवणे, घर निर्जंतुक करणे हे उपाय तत्त्वतः चुकीचे नव्हते. आजही आपण त्यांचीच सुधारित रूपे वापरतो. मात्र ते ज्या हातांनी झाले त्या हातांवर पुण्याचा विश्वास नव्हता, आणि तो मिळवण्याचा प्रयत्नही फारसा झाला नाही.

येथे टिळकांची भूमिका बारकाईने पाहण्यासारखी आहे. टिळकांनी प्लेगच्या उपायांना विरोध केला असा एक सोपा समज आहे. वस्तुतः अनेक प्रतिष्ठित शहर सोडून गेले असताना ते पुण्यात राहिले, हिंदू रोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि विलगीकरणाची गरज त्यांच्या वृत्तपत्रांनी मान्य केली. त्यांचा रोख पद्धतीवर होता. सरकारला त्या वेळी याहून उपयोगी मध्यस्थ मिळाला नसता: लोकांचा ज्याच्यावर विश्वास आहे आणि ज्याला रोगाचे गांभीर्यही कळते असा माणूस. सरकारने काय केले? २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्यानंतर टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले आणि अठरा महिन्यांची सक्तमजुरी दिली. झडतीच्या पथकांविरुद्ध तक्रारी करणाऱ्या नातू बंधूंना तर १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवायच डांबले.

तक्रारीचा मार्ग नसला की काय होते हे गोखल्यांच्या प्रकरणात दिसते. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील वृत्तपत्रात शिपायांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप केला. सरकारने पुरावा मागितला. घरची अब्रू चव्हाट्यावर आणायला कोण तयार होणार? परत आल्यावर गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. कागदावर तक्रार निकालात निघाली, पण पेठांमध्ये ती खरी मानली गेली ती गेलीच. पंडिता रमाबाईंनीही त्याच सुमारास पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांची जी परवड होते तिच्याबद्दल वृत्तपत्रात लिहिले होते. त्या ख्रिस्ती होत्या आणि टिळकांशी त्यांचे जमत नव्हते, तरी या एका बाबतीत दोघांचा अनुभव सारखा होता. जेव्हा एकमेकांचे राजकीय विरोधक एकच तक्रार करतात तेव्हा ती राजकीय नसते, हे प्रशासनातल्या माणसाने मनाशी कोरून ठेवावे.

याच्या शेजारी एक दुसरे चित्र ठेवतो. हडपसरजवळ ससाणे मळ्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. रोगी आणता आणताच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी, म्हणजे लष्करी झडती सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी, त्यांचे निधन झाले. रोग तोच, शहर तेच आणि विलगीकरणही तेच. एका ठिकाणी रोगी आणला जात होता, दुसऱ्या ठिकाणी तो अंथरुणांच्या ढिगामागे दडवला जात होता. या फरकाला अडाणीपणा म्हणणे मला कधीच पटलेले नाही.

मुंबईतही हेच झाले. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला, मार्च १८९८ मध्ये घरतपासणीवरून दंगल उसळली, आणि त्यानंतर सरकारला हळूहळू सक्ती सोडून खाजगी व जातवार रुग्णालये, स्थानिक स्वयंसेवक आणि ऐच्छिक लसीकरण या मार्गाने जावे लागले. लसीचा प्रसंग तर फारच बोलका आहे. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील छोट्या खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरीही लोक पुढे येईनात. मग खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली आणि त्या समाजातील हजारो लोक रांगेत उभे राहिले. शास्त्रज्ञाने दंड पुढे केला तेव्हा लस सिद्ध झाली, आणि समाजाच्या प्रमुखाने दंड पुढे केला तेव्हा ती पोहोचली. दोन्ही लागतात. आपल्या खात्यात पहिल्यावर जेवढा वेळ जातो त्याच्या दशांशही दुसऱ्यावर जात नाही.

आणखी एक गोष्ट, जी साथीच्या इतिहासात नेहमी विसरली जाते. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. म्हणजे १८९७ मध्ये ज्या शरीरतपासणीसाठी पुणे पेटवले गेले तिचा रोग आटोक्यात आणण्याशी असलेला संबंध आपण समजत होतो त्याहून बराच कमी होता. उलट, गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे हा लोकांनी आपणहून उचललेला उपाय जास्त उपयोगी ठरला, कारण उंदीर मागे घरातच राहिले. त्या झोपड्यांसाठी कोणाला पोलिस पाठवावे लागले नाहीत.

शास्त्र बदलते, आणि राजकारणात अडकलेला नियम मागे घेता येत नाही, ही अडचण करोनातही आली. २०२० च्या उन्हाळ्यात भाजी धुणे, रस्त्यांवर फवारणी, कमानीतून जंतुनाशकाचा फवारा असे पुष्कळ प्रकार झाले. विषाणू मुख्यतः श्वासावाटे, बंद जागेत पसरतो हे स्पष्ट होत गेले तेव्हा खिडक्या उघडा हा साधा सल्ला फवाऱ्याच्या जागी यायला हवा होता. पण फवारणीच्या गाडीला नारळ फोडून फोटो काढलेला असतो. ती गाडी बंद करायला सांगणारा अधिकारी कोणाला आवडणार?

करोनाच्या काळातील पहिली मोठी राजकीय जखम मार्च-एप्रिल २०२० मध्ये झाली. दिल्लीतील तबलिगी जमातच्या कार्यक्रमानंतर रोगाला एका धर्माचे नाव चिकटवले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनवल्याचे म्हटले, पण तोवर जे व्हायचे ते झाले होते. काही महिन्यांपूर्वीच नागरिकत्वाच्या नोंदणीवरून देश ढवळून निघालेला होता. अशा वेळी आशाताई हातात रजिस्टर घेऊन दारात उभी राहते आणि विचारते: घरात माणसे किती, नावे काय, बाहेरगावाहून कोणी आले आहे का, आधार कार्ड आहे का. आरोग्यखात्याला हे चार निरुपद्रवी रकाने वाटतात. दाराच्या आतल्या माणसाला ते सरकारने कालपर्यंत वेगळ्या कारणासाठी विचारण्याची धमकी दिलेले प्रश्न वाटतात. अशा वस्त्यांमध्ये दुसऱ्या दिवशी त्याच आशाताईबरोबर गल्लीतला डॉक्टर किंवा मशिदीतला मौलाना आला की रजिस्टर भरले जाते, आणि नावाऐवजी आधी ताप आणि ऑक्सिजन विचारला की आणखी लवकर भरले जाते. प्रश्नांचा क्रम बदलणे ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकात नसते, पण तिने फरक पडतो.

धारावीत हेच मोठ्या प्रमाणावर जमले. पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला तेव्हा सगळ्यांनी तेथे हाहाकार गृहीत धरला होता. महापालिकेच्या जी उत्तर विभागाने वस्तीतल्या खाजगी डॉक्टरांना बरोबर घेऊन ताप तपासणी शिबिरे लावली, शाळा व सभागृहांत संस्थात्मक विलगीकरण उभे केले आणि तेथे जेवण, औषध, शौचालयाची सोय दिली. एका खोलीत आठ माणसे राहणाऱ्याला घरातच वेगळे राहा असे सांगण्यात अर्थ नव्हता, हे तेथील अधिकाऱ्यांनी वेळेवर ओळखले. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केल्यावर मग श्रेय कोणाचे यावरून पक्षांमध्ये जुंपली. माझ्या मते अशी भांडणे निरुपद्रवी असतात. काम झाल्यावर श्रेयासाठी भांडणारे पुढारी साथीला फारशी मदत करत नाहीत. काम चालू असताना दोषासाठी भांडणारे करतात.

त्याचे उदाहरण एप्रिल २०२१. दुसरी लाट चढत होती, लसींचा तुटवडा होता आणि तुटवडा खरा की राज्याने पसरवलेली भीती यावर केंद्र व राज्याचे आरोग्यमंत्री जाहीरपणे एकमेकांना उत्तरे देत होते. लसीकरण केंद्रावर रांगेत उभ्या असलेल्या साठीच्या माणसाला यातून एवढेच कळले की सांगणाऱ्यांमध्येच एकवाक्यता नाही. त्याच महिन्यात पंढरपूरला जे झाले ते मी अनेकदा प्रशिक्षणात सांगत असे. विठ्ठलाचे मंदिर भाविकांसाठी बंद होते आणि त्याच तालुक्यात विधानसभेच्या पोटनिवडणुकीच्या प्रचारसभा चालू होत्या. मतदान १७ एप्रिलला झाले. आदल्या वर्षी आषाढीला पादुका एसटीने नेण्याचे वारकऱ्यांनी मान्य केले होते. शतकांची पायी वाट मोडणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि ती त्यांनी शांतपणे केली. दर्शनाला बंदी आणि सभेला परवानगी हे एकाच गावात पाहिल्यानंतर पुढच्या नियमाबद्दल त्या माणसाला काय सांगणार? मंदिरे उघडण्यावरून ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांमध्ये झालेल्या पत्रापत्रीने दूरचित्रवाणीचे पडदे व्यापले, पण तिच्यामुळे गर्दी वाढली असे मला वाटत नाही. पंढरपूरसारखी डोळ्यांसमोरची विसंगती त्याहून फार खोलवर जाते.

अमेरिकेत मास्क लावणे ही पक्षाची खूण बनली. एप्रिल २०२० मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने मास्कची शिफारस जाहीर करताना खुद्द राष्ट्राध्यक्षांनी आपण तो लावणार नाही असे सांगितले. ते उदाहरण आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाही. आपल्याकडे एकाच घरात दोन पक्षांचे मतदार असतात आणि मास्क दोघांचाही हनुवटीवर असतो. येथे फूट पडते ती सरकारी नोंदीबद्दलच्या भीतीवरून, धर्म-जातीवरून, आणि हातावर पोट असणारा व नसणारा यांच्यामधल्या अंतरावरून. लसीबाबत मात्र पक्षीय रंग थोडा चढला होता. जानेवारी २०२१ मध्ये तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांचे परिणाम हाती येण्याआधी कोव्हॅक्सिनला मंजुरी मिळाली आणि एका मोठ्या विरोधी नेत्याने लसीला सत्ताधारी पक्षाची लस म्हटले. त्या टीकेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या गेल्या: मंजुरीच्या घाईबद्दलचा रास्त प्रश्न आणि पक्षावरचा राग. १ मार्चला पंतप्रधानांनी तीच लस घेतल्यावर चर्चा बरीच थंडावली, पण मंजुरीची कारणे पहिल्याच दिवशी सविस्तर मांडली असती तर ती पेटलीच नसती.

सक्तीबद्दल दोन शब्द. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन मात्रा घेतलेल्यांनाच लोकल खुली झाली आणि नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात लसीशिवाय पेट्रोल व रेशन न देण्याचे आदेश निघाले. अशा अटींनी आळशी माणूस हलतो, घाबरलेला माणूस हलत नाही. लोकलची अट मला समर्थनीय वाटते. रेशनची वाटत नाही, कारण ज्याच्या मनात आधीच संशय आहे त्याच्या अन्नाला हात घालून संशय पक्का होतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. पुढाऱ्यांना दूर ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. २०२० च्या गणपतीला कोकणात जाणाऱ्या चाकरमान्यांसाठी विलगीकरण १४ दिवसांऐवजी १० दिवसांचे करण्यात आले. ती तडजोड राजकीय होती यात शंका नाही. पण मुंबईच्या माणसाला एवढी रजा मिळत नाही, आणि १४ चा हट्ट धरला असता तर तो आडवाटेने, नोंद न करता गावात शिरला असता, हे लोकप्रतिनिधींना आपल्यापेक्षा आधी कळले होते. न पाळल्या जाणाऱ्या १४ दिवसांपेक्षा पाळले जाणारे १० दिवस बरे. ही माहिती आपल्याला हवी असते आणि ती पुढाऱ्याकडे असते.

तेव्हा सरपंच, नगरसेवक, हरलेला उमेदवार, दूध संघाचा अध्यक्ष, सगळ्यांना साथ येण्यापूर्वीच एका टेबलाशी बसवावे. हरलेल्या उमेदवाराला विसरू नये; गावातील निम्मी मते त्याची असतात आणि वगळले तर तो दुसऱ्या दिवशी अफवेच्या बाजूला उभा असतो. त्यांना दोन गोष्टी द्याव्यात: नियमाचे कारण आणि तो कधी उठेल याची अट. एक गोष्ट देऊ नये: रुग्णांच्या नावांची यादी. यादी एकदा बाहेर गेली की पुढच्या आठवड्यात तपासणीला कोणी येत नाही. तक्रारीसाठी यंत्रणेबाहेरची एक व्यक्ती, शक्यतो निवृत्त शिक्षिका किंवा परिचारिका, आधीच जाहीर करावी, म्हणजे विलगीकरण केंद्रातील बाईला न्हाणीघराची कडी तुटली आहे हे सांगायला वर्तमानपत्रापर्यंत जावे लागणार नाही.

तिसरा प्रश्न, नियम मोडणाऱ्या पुढाऱ्याचा. दंड करण्याचा अधिकार वैद्यकीय अधिकाऱ्याला नसतो, त्यामुळे सभा किंवा लग्न झाले त्याच दिवशी तहसीलदारांना तारीख, ठिकाण आणि अंदाजे गर्दी एवढाच मजकूर लिहून द्यावा व पोच घ्यावी. मत नोंदवू नये, फोनवर सांगून थांबू नये. कारवाई होवो न होवो, पाचव्या दिवशी त्या मैदानाजवळ तपासणी शिबिर लावावे, आणि दवंडीत सभेची तारीख व मैदानाचे नाव सांगावे. सभा कोणाची होती ते सांगू नये.